सुट्टीत गावाकडं दातांचं काम करून घ्यावं का? (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माहेर विश्रामबाग, सध्या मुक्काम इंग्लंडात लेस्टरला. खालची डावी दाढ अर्धी तुटलीय. इथल्या डेंटिस्टने रूट कॅनाल आणि वर कॅप सांगितलीय. उजवीकडची एक दाढ मागेच काढली होती, त्या रिकाम्या जागी इम्प्लांट करा म्हणतो. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवीन पेशंट घेणारा दवाखाना आमच्या भागात मिळेना. खाजगीत दाढेचं रूट कॅनाल सातशे पौंडांच्या पुढं, कॅपही जवळपास तेवढ्यालाच आणि इम्प्लांट सगळं मिळून अडीच हजारांच्या वर. नवरा म्हणतो, एवढ्यात दोघांची तिकिटं निघतात, वर आईच्या हातचं जेवण.

डिसेंबरात साडेतीन आठवडे सांगलीत आहे, त्यातले काही दिवस कराडला चुलतभावाच्या लग्नात जाणार. तेवढ्यात हे सगळं होतं का? काम कसं असतं? आणि परत आल्यावर काही बिनसलं तर इथला डॉक्टर हात लावतो का? कृपा करून "भारत भारी की परदेश भारी" यावर भांडू नका, त्यासाठी बाकीचे धागे आहेत.

भडंगप्रेमी

भांडू नका म्हणालात, म्हणजे आता होणारच.

मी सांगलीतच असतो. माझं दाढेचं रूट कॅनाल चार हजारांत झालं, झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकची) कॅप आठ हजार. आत धातू आणि वर पोर्सलिन असलेली घेतली असती तर आणखी खाली आलं असतं. बायकोच्या काकांनी इम्प्लांट केलं, कोरियन कंपनीचं, कॅप धरून पस्तीस हजारांच्या आसपास. चार ठिकाणी विचारलंत तर चार आकडे ऐकाल.

एक फुकटचा सल्ला. दवाखान्यात बाटलीबंद पाणी छातीशी धरून जाऊ नका आणि "आमच्याकडे लेस्टरला" अशी वाक्यं बोलू नका. आईला बोलू द्या.

दाढदुखी_डॉक्टर

मी याच भागात प्रॅक्टिस करतो. नाव-पत्ता विचारू नका, जाहिरात होईल.

ताई, तुमची दोन कामं अगदी वेगळी आहेत, ती एकत्र धरू नका. रूट कॅनाल आणि कॅप साडेतीन आठवड्यांत आरामात होतं, पण आल्या आल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरुवात करा. नस काढणं, कॅनाल साफ करून भरणं हे एका बैठकीत होऊ शकतं, कधी दोन-तीन लागतात. मुळाशी पू असेल तर मध्ये औषध ठेवून आठवडाभर थांबावं लागतं. मग तुटलेला भाग बांधून काढायचा, दाढ घासून माप घ्यायचं, कॅप लॅबमधून यायला चार दिवस ते आठवडा. ती बसल्यावर निदान पाच-सहा दिवस इथंच राहा. खुर्चीत चावून बघताना सगळं ठीक वाटतं, घरी भाकरी खाल्ली की कळतं कॅप केसभर उंच आहे. उंच राहिली तर दाढ ठणकत राहते. घासून खाली आणायला पाच मिनिटं पुरतात, पण त्यासाठी तुम्ही लेस्टरला नसून सांगलीत असायला हवं.

रूट कॅनालला रबर डॅम लावतात का, हे फोनवरच विचारा. निळं किंवा हिरवं रबरी कापड असतं, त्याला भोक पाडून फक्त ती एक दाढ वर काढतात. थुंकी आत जात नाही आणि बारीक फाइल निसटलीच तर घशात उतरत नाही. वेळ जातो म्हणून बरेच जण अजूनही लावत नाहीत. काम झाल्यावर शेवटचा एक्स-रे मागून घ्या. भरलेल्या मसाल्याची पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत गेलेली दिसली पाहिजे, टोकाच्या आत दोन मिलिमीटरपर्यंत चालते. अर्ध्यावरच संपलेली असेल तर तिथंच विचारा.

आता इम्प्लांट. हा जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या पेशंटला बसवला. त्यानंतर स्क्रूचे आकार बदलले, पृष्ठभाग सुधारले, तरी हाडाने स्क्रूला धरायला वेळ लागतो तो लागतोच. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरचं हाड विरळ म्हणून तिथं जास्त. तेव्हा डिसेंबरात स्क्रू आणि पुढच्या खेपेला कॅप असं धरून चला. "तीन दिवसांत पक्के दात" असे बोर्ड दिसतील. हाड घट्ट असेल आणि स्क्रू पुरेसा आवळून बसला असेल तर काहींना लगेच दात चढवता येतो, बहुतेकदा तोही तात्पुरता. ते जबड्याचा थ्रीडी स्कॅन बघून ठरतं. तुमची रजा किती आहे यावरून ठरवणाऱ्याकडे जाऊ नका.

पोवईनाका_ते_एडिसन

सातारकर, मुक्काम न्यू जर्सी. आमच्याकडे दातांचा विमा असतो, पण वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरची मर्यादा. एक रूट कॅनाल आणि एक कॅप झाली की वर्ष संपलं. बाकी खिशातून.

बायकोच्या दोन कॅप साताऱ्यात केल्या, आईवडिलांकडे महिनाभर होतो तेव्हा. इथल्या डेंटिस्टने पुढच्या तपासणीत एक्स-रे काढले, कडा नीट बसल्यात म्हणाला, विषय संपला. पण त्याने हेही सांगितलं की दुसऱ्याने बसवलेली कॅप सुटली तर मी चिकटवून देईन, आत काही निघालं तर सगळं नव्याने करेन आणि माझ्या दराने करेन. मला यात काही चूक वाटत नाही.

अमेरिकेतल्यांसाठी कामाची गोष्ट. एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करमुक्त बचत खात्यातला पैसा परदेशात केलेल्या दातांच्या उपचारालाही वापरता येतो, फक्त निव्वळ सौंदर्यासाठी, म्हणजे दात पांढरे करण्यासारख्या कामाला नाही. काही विमा योजना परदेशातल्या बिलाचे थोडेफार पैसे परत करतात. त्यासाठी बिलावर दाताचा क्रमांक, तारीख आणि कामाचं नाव सुटं सुटं हवं. मी डॉक्टरांना अमेरिकन कोडही लिहायला लावले: दाढेच्या रूट कॅनालला डी ३३३०, सिरॅमिक कॅपला डी २७४०. "दंत उपचार: रु. अमुक" अशी एका ओळीची पावती तिकडं कुणी बघत नाही.

वाळव्याची_वाघीण

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. माझी धाकटी बहीण दुबईला असते. गेल्या सुट्टीत एका शहरात (सांगली नव्हे, साताराही नव्हे) समोरचे दात जरा वाकडे आहेत म्हणून गेली. तिला सांगितलं, तारा लावल्या तर दीड वर्ष, कॅप घातल्या तर आठवडा. वरचे सहा चांगले दात घासून बारीक केले आणि कॅप चढवल्या. फोटोत सुंदर. दुबईला गेल्यावर दोन दात थंड पाण्याला कळवळायला लागले, मग रात्रीची झोप गेली. शेवटी त्याच कॅपना भोकं पाडून दोन रूट कॅनाल करावी लागली. कंपनीच्या विम्यात दातांचं एवढं काही बसत नव्हतं. दवाखान्याला फोन केला तर "मॅडम, या ना, फुकट बघतो." या म्हणजे कशा? चालत?

घासलेला दात परत उगवत नाही. चांगल्या दातावर सुट्टीच्या घाईत कुणाला मशीन लावू देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

दाढदुखी_डॉक्टर

वाघीणताई, शंभर टक्के. वाकडे दात सरळ करण्यासाठी सहा कॅप हे मी माझ्या मुलीला केलं नसतं. घासताना निघून गेलेलं इनॅमल कायमचं जातं आणि त्यातल्या काही दातांची नस पुढं मरते, काम कितीही हळुवार केलं तरी.

ऱ्हाईनकाठचा_कुपवाडकर

जर्मनीतून. आमची गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहितो, कारण इथं आलेली आपली पोरं माहिती नसताना सरसकट गावाकडं काम करून घेतात. सरकारी विम्यात कॅप, ब्रिज, कवळी यांना ठरावीक अनुदान मिळतं. २०२० च्या ऑक्टोबरपासून ते त्या आजारासाठी ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के आहे. सलग पाच वर्षं दरवर्षी तपासणी करून बोनसहेफ्ट नावाच्या पुस्तिकेत शिक्का घेतला तर ७०, दहा वर्षं घेतला तर ७५. आता ही पुस्तिका डिजिटलही असते. आणि साधं रूट कॅनाल, दाढ वाचण्यासारखी असेल तर, विम्यातच बसतं.

एक वर्ष तपासणी चुकवली की साखळी तुटते (फार तर एकदाच, तेही कारण देऊन, माफी आहे). "पुढच्या सुट्टीत मिरजेत दाखवू" म्हणत बसलेल्यांचं नुकसान इथं होतं. भारतातल्या बिलावर हे अनुदान मिळत नाही. तेव्हा आधी तुमच्या देशात काय मिळतं ते वाचा.

कृष्णाकाठची

कुपवाडकर, मुद्दा पटला. त्यावरून आठवलं, इंग्लंडचे आकडे मीच द्यायला हवे होते. एनएचएसमध्ये दराचे तीन पट्टे आहेत: २०२५ च्या एप्रिलपासूनच्या वर्षात ते २७.४०, ७५.३० आणि ३२६.७० पौंड होते. रूट कॅनाल दुसऱ्यात, कॅप तिसऱ्यात. दोन्ही एकाच उपचारात असलं तर फक्त वरचा पट्टा, म्हणजे त्या दराने ३२६.७० मध्ये सगळं. अडतीस हजार रुपयांच्या आसपास. सांगलीत बारा-पंधरा. फरक आहे, पण जीव टाकावा एवढा नाही. खरी अडचण आहे एनएचएसचा दवाखाना मिळण्याची. इम्प्लांट एनएचएसमध्ये बहुतेकांना मिळतच नाही, त्यामुळे तिथं तुलना थेट खाजगीशी.

डॉक्टर, दर एवढे कमी का आहेत हे कुणीतरी समजावून सांगा. सामान तेच असेल तर पैसे कुठं वाचतात?

दाढदुखी_डॉक्टर

इम्प्लांटचा स्क्रू चांगल्या कंपनीचा असेल तर आयात केलेला असतो, ज्यातून कॅप कोरतात तो झिरकोनियाचा ठोकळाही बऱ्याचदा बाहेरचाच. हे आम्हाला काही फुकट मिळत नाही. वाचतं ते जागेचं भाडं, असिस्टंटचा पगार, लॅबमधल्या कारागिराची मजुरी, तिकडच्या डॉक्टरचा महागडा व्यवसाय-विमा आणि त्याच्या शिक्षणाचं कर्ज. म्हणून भडंगप्रेमींनी सांगितलेले आकडे मला पटतात. पण त्यांच्याही निम्म्यात झिरकोनियाची कॅप मिळत असेल तर मजुरी तेवढी खाली जाऊ शकत नाही. मग लॅब कुठली, ठोकळा कुठला, हे विचारायचं. नामांकित ठोकळ्याबरोबर वॉरंटीचं कार्ड येतं, त्यावर नंबर असतो. मात्र ती वॉरंटी कॅप फुटली तर नवी देण्याची. कॅपच्या आतली दाढ किडली तर ते कार्ड काही कामाचं नाही.

इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. तो तुमच्या कार्डावर चिकटवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. स्ट्राउमान, नोबेल, ऑस्टेम, प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे. उद्या लेस्टरला कॅप धरणारा छोटा स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरला आत काय बसवलंय ते कळलं पाहिजे. ते माहीत नसताना तो हात लावायला नाही म्हणाला तर शहाणा माणूस आहे समजा.

मिरजेची_सून

तुम्ही सगळे परदेशवाले डिसेंबरात येता आणि आमच्या अपॉइंटमेंट जानेवारीत जातात, हेही कुणीतरी लिहा. माझ्या सासूबाईंची कवळी दोन आठवडे पुढं गेली, का तर "बाहेरून पेशंट आलेत, त्यांची फ्लाइट आहे." सासूबाईंना फ्लाइट नाही, पण चकल्या खायच्या होत्या ना दिवाळीनंतरच्या उरलेल्या!

शेवटी आम्ही डेंटल कॉलेजला गेलो. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं, साताऱ्याकडच्यांना कराडला कृष्णाचं. एका हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीपाशी एक शिकणारं पोरगं नाहीतर पोरगी. आमच्या वाट्याला आलेली मुलगी इतकी काळजीनं करायची की सासूबाईच तिला धीर द्यायच्या. मापाचा साचा तोंडातून काढला, उजेडात धरून बघितला, मान हलवली आणि पुन्हा घेतला. मग सर आले, त्यांनीही बघितला, कार्डावर सही केली, तेव्हा पुढचं पाऊल. मेणावर दात लावून तोंडात घालून दाखवले, सासूबाई म्हणाल्या पुढचा दात जरा जास्त दिसतोय, तो बदलला. पैसे बाहेरच्या मानानं किरकोळ. पण हेलपाटे खूप. चार तास बसायची तयारी असेल तर काम उत्तम, रजेवर आलेल्यांनी मात्र नादी लागू नये.

आणि हो, तिथल्या सरांनी सासूबाईंची मिश्री बंद करायला लावली. आम्ही वीस वर्षं सांगून थकलो होतो.

भडंगप्रेमी

सूनबाई, राग बरोबर आहे, पण मिरजेत बाहेरगावचे पेशंट ही काय आजची गोष्ट नाही. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं इथं येऊन राहतात. आता विमानानं येतात एवढंच.

मिरजेची_सून

ती माणसं धर्मशाळेत राहून नंबर लावून बसायची. मधे घुसायची नाहीत.

विट्याचा_सोनार

आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलीत. माझ्या आजोबांचा समोरचा दात सोन्याचा होता, आणि पत बघायची तर लोक आधी तो दात बघायचे. मेल्यावर भावाभावांत त्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही. डॉक्टर, सोन्याची कॅप आता कुणी घालतं का?

दाढदुखी_डॉक्टर

क्वचित. पण हसण्यावारी नेऊ नका. सोन्याच्या मिश्रधातूची कॅप मागच्या दाढेला आजही उत्तम, चावताना तिच्यावर टेकणाऱ्या दाताला झिजवत नाही आणि पातळ बसते म्हणून दाढ कमी घासावी लागते. भावाचंच काय ते बघा.

वाळव्याची_वाघीण

दोन दर असतात हे मात्र कुणी बोलेना. गावातल्याला एक, डॉलरवाल्याला दुसरा. डॉक्टर, खरं सांगा.

दाढदुखी_डॉक्टर

काही ठिकाणी असतात, नाकारत नाही. कामाचा अंदाज लेखी मागा, प्रत्येक गोष्ट सुटी: तपासणी, एक्स-रे, रूट कॅनाल, दाढ बांधणं, कॅप आणि कॅपचा प्रकार. लेखी द्यायला का-कू केली तर दुसरीकडं जा. डॉक्टरची महाराष्ट्र डेंटल कौन्सिलची नोंदणी असतेच, नंबर विचारायला लाजू नका. आणि दवाखान्यात एमडीएस (दातांच्या एकेका विषयातले पदव्युत्तर तज्ज्ञ) कुठल्या विषयाचे आहेत ते बघा. तारा लावून दात सरळ करणाऱ्या एमडीएसने इम्प्लांट करू नये असं नाही, पण मी असतो तर विचारलं असतं की वर्षाला किती करता.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतेय. एनएचएसच्या यादीत नाव लावून ठेवलंय, पण दाढ तोवर थांबेल असं वाटत नाही, म्हणून रूट कॅनाल आणि कॅप सांगलीतच, उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली अपॉइंटमेंट. लग्न मधल्या आठवड्यात येतं, तेव्हा कॅप लॅबमध्ये असेल. इम्प्लांटचं अजून अडलंय. स्क्रू डिसेंबरात बसवून पुढच्या उन्हाळ्यात कॅपसाठी यायचं, तर मधल्या काळात काही झालं तर? शिवाय बाबांनाही एक दात काढायचाय, ते माझ्याबरोबर जानेवारीत लेस्टरला येणार आहेत. लगेच विमानात बसलं तर चालतं का?

दाढदुखी_डॉक्टर

साधा दात काढल्यावर दोन-तीन दिवस थांबलं तर बहुतेकांना विमानाचा त्रास होत नाही. पण आठवडाभर आधी काढा, कारण जखमेतली गुठळी निघून हाड उघडं पडलं तर ते दुखणं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं आणि फार वाईट असतं. बाबा तंबाखू किंवा बिडी ओढत असतील तर त्याची शक्यता वाढते. वरच्या मागच्या दाढेचं किंवा सायनसजवळचं काम असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उडू नये.

त्याहून महत्त्वाचं: बाबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात का? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू आहे का? साखर कितपत ताब्यात आहे? दात काढायच्या आधी हे डॉक्टरला सांगाच. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, ते आणखी धोक्याचं. घरातल्या म्हाताऱ्यांचं आपण दहा वेळा ऐकतो आणि नेमकी गोळीच सांगायची विसरतो.

तुमच्या स्क्रूचं म्हणाल तर मधल्या महिन्यांत तो हिरडीखाली किंवा छोट्या धातूच्या बटणाखाली असतो. बटण सैल झालं तर लेस्टरचा डॉक्टर घट्ट करू शकतो, स्टिकर जवळ असला तर. सूज, पू किंवा स्क्रूच हलतोय असं झालं तर लगेच दाखवावं लागेल, त्याला पर्याय नाही. तिथल्या डॉक्टरशी जायच्या आधीच बोलून घ्या, "मी असं असं करून येणार आहे, पुढची देखरेख कराल का?" नाही म्हणाला तर इम्प्लांट तिथंच करा किंवा ती जागा तूर्त रिकामी ठेवा. एका दाढेची रिकामी जागा काही महिने राहिली म्हणून आकाश कोसळत नाही. दोन-चार वर्षं राहिली तर मात्र मागची दाढ झुकते आणि वरची खाली उतरते.

आणि तुमचे जुने एक्स-रे तिथल्या दवाखान्याकडून मागून आणा, इंग्लंडात ती प्रत मिळण्याचा पेशंटला हक्क आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवरून मीही अंदाज सांगतो, पण तो अंदाजच.

कृष्णाकाठची

बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. आत्ताच फोन करून विचारलं, तर म्हणाले, "दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?" कळवते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना. लेस्टरच्या डेंटिस्टला ईमेल टाकलाय, त्याच्या उत्तरावर इम्प्लांट.

बार्शीकर_बोस्टन

चांगला धागा. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या तारांचं साताऱ्यात होईल का? उन्हाळ्यात दोन महिने असतो.

दाढदुखी_डॉक्टर

नाही. तारा लावल्या की चार ते आठ आठवड्यांनी दाखवावं लागतं, वर्ष-दीड वर्ष, कधी जास्त. बोस्टनलाच करा. हवं तर वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.